साडेदहानंतरचा विमानतळ

रात्रीचा एक वाजून गेला होता. मुंबई विमानतळाच्या सहारच्या टर्मिनलमधून, म्हणजे टी-२ मधून बाहेर पडलो तर रेलिंगला लागून एक पन्नाशीचा माणूस खोक्यावर बसलेला. खोका दोरीने आवळलेला, वर काळ्या मार्करने नाव आणि खाली ठळक अक्षरांत ‘राजापूर, जि. रत्नागिरी’. मी कॅबची वाट बघत होतो, तो उजाडण्याची. दोन वर्षांनी कुवेतहून परतत होता. दादरला जाऊन पहाटेची कोकणची गाडी धरायची होती.

‘मग आत्ता निघत का नाही?’ मी विचारलं.

‘टॅक्सीवाला मागतोय तेवढ्यात माझं राजापूरपर्यंतचं दोनदा तिकीट निघेल, भाऊ. बसतो इथंच. चारनंतर लोकल चालू झाली की पार्ल्याला जाऊन पकडीन.’

त्याचं इथलं सिम रिचार्जअभावी कधीच बंद पडलं होतं, त्यामुळे ॲप आणि ओटीपीचा विषयच नव्हता. माझीही कॅब दोनदा रद्द झाली. तिसऱ्याने फोन करून आधी ‘ड्रॉप कहाँ है’ विचारलं आणि उत्तर ऐकून फोन ठेवला.

ही गोष्ट मेट्रो-३ कफ परेडपर्यंत पोचल्यानंतरची आहे. तेहतीस किलोमीटरची, पूर्ण वातानुकूलित, टी-२ च्या नावाचं स्थानक असलेली नवीकोरी मेट्रो आमच्यापासून हाकेच्या अंतरावर जमिनीखाली होती. बंद होती.

मेट्रोला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. उलट, मुंबईत विमानतळावरून शहरात जाण्याचा प्रश्न पहिल्यांदा कुणी नीट सोडवला असेल तर तो मेट्रो-३ नेच. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, मे २०२५ मध्ये गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, खर्च सुमारे ३७ हजार कोटी रुपये. आरे ते कफ परेड या टोकापासून त्या टोकापर्यंतचं तिकीट ७० रुपये, म्हणजे विमानतळावरून सीएसएमटीला त्याहून कमीच. पाऊण तासाच्या आसपास माणूस काळबादेवीत. ज्याने पावसाळ्यात कलानगरच्या सिग्नलला विमान चुकण्याची धास्ती अनुभवली आहे, त्यालाच याची किंमत कळेल. त्याआधी विमानतळाशी मेट्रोचं नातं फक्त पाटीपुरतं होतं. २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मार्गावर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचं स्थानक आहे. त्या नावावर विसंबून बॅगा घेऊन उतरलेला माणूस पुढे रिक्षावाल्याच्या हाती सापडायचा.

मुद्दा घड्याळाचा आहे. मेट्रो-३ ची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते आणि पहिली सकाळी सहाच्या आसपास. विमानतळ मात्र चोवीस तास जागा असतो, आणि मुंबईचा तर रात्रीही गजबजलेला. युरोपहून दुपारी निघालेलं विमान मध्यरात्रीच्या आगेमागे इथे टेकतं, तो घड्याळांच्या फरकाचा हिशेब आहे. आखाताची विमानं पहाटेपर्यंत येत-जात राहतात. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. दिवसभर ती गच्च भरलेली, मग उरलेला भार रात्रीवर पडतो. वर्षाला सुमारे साडेपाच कोटी प्रवासी या एका विमानतळावरून ये-जा करतात. मेट्रोच्या सोयीच्या वेळेत ते सगळेच उतरत नाहीत.

जाणाऱ्यांचंही तेच. सकाळी सहाच्या दिल्ली-बंगळुरूच्या विमानाला साडेचारला तरी दारात हजर व्हावं लागतं. पावणेसहा-सहाला सुटणारी पहिली मेट्रो त्यांच्या काय कामाची? आपल्याकडे ही सकाळची विमानं सर्वांत जास्त कोण वापरतं ते बघा. दिवसभराचं काम उरकून रात्री घरी परतणारा नोकरदार, परीक्षेला किंवा मुलाखतीला निघालेली पोरं, दवाखान्याच्या तारखेला निघालेली माणसं. यातल्या प्रत्येकाकडे दारात गाडी नसते.

मुंबईने गेल्या पंधरा-सोळा वर्षांत विमानतळ आणि शहर जवळ आणण्यासाठी जे जे बांधलं, ते बहुतेक गाडीवाल्यासाठी बांधलं. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू आला. २०१४ मध्ये टी-२ सोबत द्रुतगती महामार्गावरून थेट दारात नेणारा सहारचा उन्नत रस्ता आला. २०२४ मध्ये कोस्टल रोड आला आणि पुढे तो सागरी सेतूला जोडला गेला, त्यामुळे मोटार असेल तर माणूस वांद्र्याहून मरीन ड्राइव्हला सिग्नलशिवाय पोचतो. सागरी सेतू आणि कोस्टल रोड या दोन्हींवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. बसला बंदी नाही, पण बस तिथे दिसते किती? समुद्रावर एवढा खर्च करणाऱ्या शहराला त्याच समुद्रावरून रात्रीची एक एअरपोर्ट बस नेता येऊ नये, हे मला पटत नाही.

इथे जरा थांबून ‘शहर’ म्हणजे काय तेही बघायला हवं. परदेशी पाहुण्यासाठी मुंबईचं मध्य म्हणजे कुलाबा, फोर्ट, गेटवे. नकाशात बघाल तर ते मध्य नव्हे, दक्षिणेचं टोक आहे. पार्ल्या-बोरिवलीची जुनी माणसं अजूनही ‘मुंबईला जाऊन येतो’ म्हणतात, जणू ती दुसऱ्या गावची. विमानतळावर उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या ‘मुंबईला’ जायचंच नसतं. त्यांना जायचं असतं ठाण्याला, मुलुंडला, विरारला, डोंबिवलीला. आणि दादर-सीएसएमटीला ज्यांना जायचं असतं, त्यांतले बरेच तिथून पुढे गाडी धरणारे: कोकणात, नाशकात, साताऱ्याकडे. म्हणून ‘विमानतळ ते शहर’ असा एकच सरळ मार्ग आखून मुंबईचं भागणार नाही. मेट्रो-३ ने दक्षिणेची बाजू दिवसापुरती सोडवली. पूर्वेकडचा ठाण्याचा माणूस आजही मरोळ नाक्याला मार्ग बदलतो, घाटकोपरला उतरतो, तिथून बॅगांसह लोकलच्या गर्दीत शिरतो. मध्यरात्री तर ठाणेकर, बोरिवलीकर आणि गिरगावकर सगळे एकाच रांगेत, टॅक्सीच्या.

आणि प्रवाशाहून कितीतरी जास्त वेळा विमानतळावर जाणारी दुसरी माणसं आहेत, त्यांचा तर या चर्चेत उल्लेखही नसतो. सामान चढवणारे लोडर, स्वच्छतागृहं पुसणाऱ्या बायका, कार्गोचे हमाल, खानपानाच्या स्वयंपाकघरांतली माणसं, ट्रॉल्या ढकलत नेणारी मुलं. प्रवासी वर्षातून दोन-चारदा येतो, ही माणसं रोज येतात, आणि पाळी बदलते ती अडनिड्या वेळी. वैमानिकाला आणि हवाई सुंदरीला कंपनीची गाडी घरापासून आणते-सोडते. कंत्राटावर काम करणाऱ्या ज्या बाईला अशी गाडी मिळत नाही, ती जरीमरी, साकीनाका, मरोळच्या वस्त्यांतून चालत येते किंवा चौघींत मिळून रिक्षा करते. तिच्या पगारात रात्रीची रिक्षा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

हाँगकाँगने हे आधीच ओळखलं होतं. १९९८ साली समुद्रात भर घालून चेक लाप कोकचा विमानतळ उभा केला, तेव्हा शहराच्या मध्यात सुमारे २४ मिनिटांत नेणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस त्यासोबतच धावायला लागली. ती महागडी आहे. पण त्याच विमानतळावरून एस-१ नावाची साधी बस शेजारच्या तुंग चुंगच्या मेट्रो स्थानकाला जाते आणि तिथून नेहमीच्या तिकिटात शहरात पोचता येतं. विमानतळावर काम करणाऱ्या अनेकांचा हाच रस्ता. रात्री एक्स्प्रेस थांबली की ‘एन’ अक्षराच्या बस सुरू होतात. एकाच विमानतळावरून घाई असलेल्यासाठी एक वाट, पैसे कमी असलेल्यासाठी दुसरी आणि उशिरा आलेल्यासाठी तिसरी. बार्सिलोनातही एन-१७ ही रात्रीची बस विमानतळावरून शहराच्या मुख्य चौकात नेते. फार लांब कशाला, बंगळुरूच्या विमानतळाला अजून मेट्रो नाही, पण ‘वायू वज्र’ बस तिथे रात्रंदिवस धावतात. बॅगा ठेवायला जागा असलेल्या, ठरलेल्या थांब्यांवर थांबणाऱ्या. मुंबई-पुण्याची कितीतरी आयटीतली मुलं त्याच बसने घरी जातात आणि सुट्टीत इकडे आली की विचारतात, ‘आपल्याकडे अशी का नाही?’

ज्या शहराची ‘बेस्ट’ एकेकाळी देशात नमुना मानली जायची, त्या शहराला हा प्रश्न विचारला जावा याचं वाईट वाटतं. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या बस आता काहीशेवर आल्या आहेत, बाकी कंत्राटदारांच्या. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचवरून दहा रुपयांवर गेलं, तरी तोटा उरलाच. अशा बेस्टला ‘आणखी एक मार्ग चालव’ म्हणणं म्हणजे आजाऱ्याला डोंगर चढायला सांगणं. म्हणून पैशाचं आधी बोललं पाहिजे.

साधा हिशेब मांडतो. टी-२ ते सीएसएमटी रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर. रात्री थांबे घेत बसला तास लागेल असं धरू. दर अर्ध्या तासाला बस हवी असेल तर जायला-यायला आणि चालकाच्या विश्रांतीला मिळून पाच बस पुरतात. एक मार्ग टी-२, टी-१, पार्ले, वांद्रे, दादर, सीएसएमटी. दुसरा अंधेरी, गोरेगाव, बोरिवली. तिसरा घाटकोपर, मुलुंड, ठाणे. सगळ्या मिळून पंधरा बस, धावायच्या साडेदहा ते सहा. ३७ हजार कोटींच्या मेट्रोचे उरलेले साडेसात तास भरून काढायला पंधरा बस. दिवसा याच गाड्या दुसऱ्या मार्गांवर वापरता येतील.

पैसे कोणी द्यायचे? प्रत्येक प्रवाशाच्या विमान तिकिटात यूडीएफ म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क असतंच. विमानतळाच्या सोयीसाठी म्हणून ते घेतलं जातं आणि किती घ्यायचं ते नियामक ठरवतो. घरी पोचणं ही सोय नाही का? त्यातला छोटासा वाटा रात्रीच्या बसला बांधून द्यायला नियामकाने सांगावं. विमानतळ चालवणारा आपणहून हे करणार नाही, आणि त्यात त्याचा दुष्टपणा नाही, धंदा आहे. पार्किंगमधून त्याला उत्पन्न मिळतं, बसमधून उतरलेल्या प्रवाशाकडून ते मिळत नाही. जिथे धंद्याचं गणित जनतेच्या सोयीविरुद्ध जातं, तिथे अट सरकारनेच घालायची असते.

आता आक्षेपांकडे. पहिला नेहमीचा: रात्री बस रिकाम्या धावतील. शहरातल्या इतर मार्गांवर हे खरं असेल. पण इथे बसला प्रवासी शोधत हिंडायचं नाही. एक मोठं विमान अडीचशे-तीनशे माणसं एकदम आणून सोडतं आणि पाठोपाठ दुसरं येतं. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. एकट्या बाईने अनोळखी चालकाच्या बंद गाडीत बसणं आणि दिवे लावलेल्या बसमध्ये कंडक्टर आणि वीस माणसांबरोबर बसणं, यात तिला काय सुरक्षित वाटतं ते तिलाच विचारावं. तिसरा: मेट्रोच रात्रभर का नको? कोपनहेगनची चालवतात. पण तिथलं गणित वेगळं. आपल्याकडे रूळ, वीजवाहिन्या, बोगद्यांची तपासणी करायला रात्रीचे चार-पाच तास लागतात आणि मुंबईच्या पावसाळ्यात या तपासणीला कात्री लावा असं मी तरी म्हणणार नाही. साडेदहाची वेळ बारापर्यंत नेता येईल, तेवढं जरूर मागावं.

खरा अवघड आक्षेप टॅक्सीवाल्यांचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. विमानतळावरचा काळ्या-पिवळ्याचा चालक रांगेत तास-तास, कधी चार-चार तास थांबतो. एवढं थांबून त्याच्या वाट्याला पार्ल्याचं भाडं आलं तर त्याची रात्र वाया. म्हणून तो जवळच्याला नाही म्हणतो, किंवा मीटरबाहेर बोलतो. चूक आहेच, पण ती का होते हेही कळायला हवं. फेब्रुवारी २०२५ पासून मीटरने २५ किलोमीटरचे पाचशेच्या वर होतात आणि मध्यरात्र ते पहाटे पाच पाव भाग जास्त. हे भाडं जो देऊ शकत नाही, तो टॅक्सीचा प्रवासी आजही नाही. तो खोक्यावर बसून आहे. बस त्याला नेईल. ज्याच्याकडे चार बॅगा आणि झोपलेलं मूल आहे तो टॅक्सीच करणार. उलट जवळची, परवडत नसलेली भाडी बसकडे गेली तर टॅक्सीच्या रांगेत लांबची भाडी उरतील. चालकांच्या संघटनांनी याच अंगाने विचार करून बघावा असं मला वाटतं. भाडी थोडी कमी होतील हे मान्य, पण उभं राहण्याचे तासही कमी होतील.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण उलवे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, डिसेंबरमध्ये विमानं सुटू लागली. जुना विमानतळ निदान वस्तीच्या मध्ये आहे, अडलं तर माणूस पार्ल्यापर्यंत पाय ओढत जाऊ शकतो. उलव्याहून कुठे चालत जाणार? दक्षिण मुंबईसाठी सर्वांत जवळची वाट अटल सेतूची, २१.८ किलोमीटरची. मोटारीला एकेरी टोल २५० रुपये. या सेतूवरही दुचाकी-रिक्षाला बंदी. बेस्टने २०२४ मध्ये एस-१४५ ही एसी बस या सेतूवरून बेलापूर ते कफ परेड सुरू केली होती, म्हणजे बस जाऊ शकते हे सिद्ध झालंय. नेरूळ-उरण रेल्वेमार्गावर तारघर हे स्थानक विमानतळाला जवळचं. तिथून टर्मिनलच्या दारापर्यंत आणि पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत दुवा असेल, तर पनवेल, वाशी, कुर्ल्याचा माणूस वीस-पंचवीस रुपयांत विमानतळ गाठू शकतो. टोलच्या दहाव्या हिश्श्यात.

या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून हजारो माणसं रस्त्यावर उतरली. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांची गावं उठवली गेली, त्यांच्यासाठी ते नाव म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळवण्याच्या लढ्याची आठवण आहे, ती मागणी मला समजते. पण तारघरच्या गाड्यांसाठी, उलवे-पनवेलच्या बससाठी तेवढा आवाज मी ऐकला नाही. आणि त्याच गावांतली पोरं उद्या या विमानतळावर कामाला लागणार आहेत, रात्रपाळीला.

दोन्ही विमानतळ आज एकाच उद्योगसमूहाकडे आहेत. नवी मुंबईत सिडको या राज्य सरकारच्या महामंडळाची २६ टक्के भागीदारी आहे, म्हणजे सरकार स्वतः टेबलावर बसलेलं आहे. समन्वयाची अडचण सांगायला इथे जागा नाही. दोन विमानतळांना जोडणाऱ्या मेट्रो-८ चा प्रस्ताव आहे, जलवाहतुकीच्याही घोषणा झाल्या आहेत. होईल तेव्हा होईल. मेट्रो-३ चं भूमिपूजन २०१४ मध्ये झालं आणि गाडी कफ परेडला पोचायला २०२५ उजाडलं. बसला भूमिपूजन लागत नाही.

फक्त ती कुठे उभी राहते हे महत्त्वाचं. पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर किंवा पुलाखाली, दोन लिफ्ट आणि तीन बाण ओलांडून जावं लागलं तर ती असून नसल्यासारखी. सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलून माणूस काचेच्या दरवाजातून बाहेर पडला की समोर बस दिसली पाहिजे, आणि तिच्या कपाळावरची पाटी मराठीत: दादर, सीएसएमटी. फोनला नेटवर्क नसलं तरी रोख पैशाने तिकीट मिळालं पाहिजे. कुवेतहून आलेल्या त्या माणसाकडे दिनार होते, पाचशेच्या दोन नोटा होत्या, आणि पहाटेपर्यंत घालवायचे साडेतीन तास.